झोपेत मांजर कसले कसले आवाज काढतं?

ऋता_खामला | शनिवार, रात्री ११.१०

नमस्कार मंडळी. मांजरवाल्यांना एक प्रश्न आहे. कुत्रेवाल्यांनी वाचला तरी चालेल, फक्त "म्हणून मांजर पाळू नये" हे वाक्य नको.

आमचा बंड्या, देशी बोका, करडा-पांढरा, तीन वर्षांचा. दिवसभर झोपतो यात नवल नाही, पण झोपेत जे काय चालतं त्यावरून आमच्या घरात दोन तट पडलेत. आधी मिशा थरथरतात, मग पुढच्या पंज्यांची बोटं, आणि मग खिडकीत कबुतर दिसल्यावर करतो तसं "कि-कि-कि-कि". तोंड जवळजवळ मिटलेलंच. मध्येच एखादं "म्युप्". हे पिल्लू होता तेव्हापासूनचं. हल्ली त्यात "घर्रऽ घर्रऽ" असाही सूर लागलाय. काल रात्री लाईन गेली, पंखे बंद पडले, तर बाजूच्या खोलीतून स्पष्ट ऐकू येत होता.

नवरा म्हणतो स्वप्न बघतोय, झोपू दे. सासूबाई म्हणतात पोटात दुखत असेल. खाणंपिणं व्यवस्थित आहे, उलट जास्तच. गच्चीवरचा माझा गवती चहा यानं या पावसाळ्यात निम्मा चरून टाकला. तर हे आवाज म्हणजे नक्की काय, आणि कधी डॉक्टर गाठायचा, हे कुणी अनुभवानं सांगेल का?

तर्री_जास्त | शनिवार, रात्री ११.२२

काऊन टेन्शन घेऊन राहिल्या ताई? झोपेत बोलून राहिला असन. माहा रूम पार्टनर तं झोपेत उधारी मागते.

इतवारीचा_भाऊ | शनिवार, रात्री ११.२५

कोणाले? तुलेच ना?

तर्री_जास्त | शनिवार, रात्री ११.२६

म्हणूनच तं मी जागा असलो तरी डोळे उघडत नाही.

मनीची_माय | रविवार, सकाळी ७.४०

ऋता, कि-कि-कि वाचून हसू आलं, आमच्या धंतोलीच्या घरातही हेच. मनी आता नऊ वर्षांची आहे. नीट बघितलंस तर याला एक क्रम असतो. झोप लागली लागली म्हणेपर्यंत मांजर पंजे पोटाखाली घेऊन, मान वर ठेवून बसलेलं असतं, कान फिरत असतात. ती झोप खरी नव्हे, पहारा. मग कधीतरी मान टाकतं, अंग सैल सोडतं, कुशीवर पसरतं. त्यानंतर थोड्या वेळानं मिशा उडायला लागतात, शेपटीचं फक्त टोक हलतं, पापणी अर्धवट उघडी राहते आणि आतला पांढरट पडदा डोळ्यावर आलेला दिसतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं झटका आला. आवाज येतात ते याच वेळी. काही मिनिटं चालतं आणि एक सुस्कारा टाकून संपतं.

त्या वेळी हात लावू नये. माझ्या भाच्याला फार प्रेम आलं, त्यानं हलणारा पंजा हळूच धरला. मनी जागी होण्याआधी तिची नखं जागी झाली.

निवृत्त_मास्तर | रविवार, सकाळी ९.०५

मनीची_माय यांचं निरीक्षण चोख आहे. गंमत अशी की या झोपेबद्दल माणसाला जे कळलंय त्यातलं बरंच मांजरांकडूनच कळलंय. डोळे भराभर हलण्याची झोप १९५३ मध्ये शिकागोत आसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी माणसांत नोंदवली. मांजरांतही ती असते हे विल्यम डिमेंट यांनी १९५८ मध्ये दाखवलं. त्याच सुमाराला फ्रान्समध्ये लिओंला मिशेल जुवे मांजरांवर काम करत होते. त्यांना दिसलं की मेंदूच्या लहरी जागेपणाच्या आणि मानेचे स्नायू मात्र पार लुळे. म्हणून त्यांनी तिला विरोधाभासी झोप म्हटलं.

पुढे जुवे यांनी मेंदूच्या देठातला एक छोटा भाग निकामी करून पाहिलं. स्नायूंना गप्प बसवणारी यंत्रणा तिथून चालते. मग ती मांजरं झोपेतच उठायला लागली. दबा धरायची, नसलेल्या उंदरावर झेपावायची, फिस्कारायची, आणि समोर खरं अन्न ठेवलं तर त्याकडे ढुंकूनही बघायची नाहीत. म्हणजे आपल्या बंड्याच्या डोक्यात हल्ला चालू असतोच, शरीराला कुलूप असतं. मिशा, बोटं, स्वरयंत्र अशा बारीकसारीक ठिकाणी ते कुलूप थोडं ढिलं पडतं आणि कि-कि बाहेर येतं.

प्रयोग क्रूर होता हे खरं, तेव्हा त्यावरून इथं भांडण नको.

पुण्याहून_निनाद | रविवार, सकाळी १०.३०

भांडण नाही, पण असहमती नोंदवतो. मेंदूत शिकारीची हालचाल चालू असणं आणि मांजराला "स्वप्न पडणं" या दोन गोष्टी एक कशा? माणूस उठून सांगतो की मला स्वप्न पडलं. बंड्या सांगणार आहे का? आपण आपल्या भावना प्राण्यांवर लादतो, आणि मग "अगं बाई, स्वप्नात कबुतर पकडलं" असले व्हिडिओ निघतात.

इतवारीचा_भाऊ | रविवार, सकाळी १०.४१

रविवारी सकाळी साडेदहाले हे लिहून राहिले, म्हणजे यायचा नाश्ता झाला नाही अजून. निनादभाऊ, नागपूरले या, तर्री-पोहे खाऊन घ्या, मंग स्वप्न पडते का नाही ते बोलू. (ह. घ्या.)

निवृत्त_मास्तर | रविवार, सकाळी ११.१५

निनाद, आक्षेप रास्त आहे. पण २००१ मध्ये अमेरिकेत एमआयटीत लुई आणि विल्सन यांनी उंदरांच्या मेंदूत इलेक्ट्रोड ठेवून पाहिलं. दिवसा चकरा मारताना पेशी ज्या क्रमानं पेटत होत्या, तोच क्रम नंतर त्या झोपेत पुन्हा सापडला, आणि जवळपास तेवढ्याच वेगानं. उंदीर धावलेली वाट पुन्हा धावत होता, निदान त्याच्या मेंदूपुरता. त्याला काय "वाटत" होतं ते तुम्ही म्हणता तसं उंदीर सांगणार नाही. पण तो काहीतरी पुन्हा अनुभवत होता असं मानायला माझी हरकत नाही.

पुण्याहून_निनाद | रविवार, दुपारी १२.०२

"उजळणी" म्हणा, मान्य. "स्वप्न" म्हणायला माझी हरकत राहील. आणि मी पोहे खाऊनच बसलोय.

तर्री_जास्त | रविवार, दुपारी १२.०५

उंदीर स्वप्नात पळून राहिला, मांजर स्वप्नात पकडून राहिली. दोघायची भेट तिकडंच होत असन.

श्वानपंथी | रविवार, दुपारी १.३०

आमचा कुत्रा झोपेत भुंकतो, तेही गाल फुगवून "बुफ् बुफ्". ऋतातै, तुम्ही बंदी घातलेलं वाक्य लिहीत नाहीये याची नोंद घ्यावी.

गोकुळपेठ_काकू | रविवार, दुपारी ४.१०

घर्रघर्र म्हणजे सर्दी गं. पावसाळी हवा आहे. रात्री छातीला आणि नाकाला थोडा बाम चोळ, खोलीत कापूर जाळ. आमच्या सासरी महालातल्या वाड्यात डझनभर मांजरं होती, कुणी डॉक्टरकडे नेत नसे.

पशुवैद्य_बाई | रविवार, सायंकाळी ६.५०

काकू, राग मानू नका, पण बाम आणि कापूर दोन्ही नको. कुणी वाचून लावेल म्हणून हे आधी लिहिते.

मांजर अंगाला लागलेली प्रत्येक गोष्ट चाटून पोटात घेतं. आणि माणसाचं यकृत ज्या पद्धतीनं अशा पदार्थांचा निचरा करतं, ती यंत्रणा मांजराच्या यकृतात फार कमकुवत आहे. कापूर, निलगिरी तेल, पुदिन्याचा अर्क हे सगळं त्याच्यासाठी विष ठरू शकतं. तापाची पॅरासिटामॉल तर कधीच नाही. एका गोळीनं मांजर दगावू शकतं, रक्तातला प्राणवायू वाहून नेण्याची ताकदच जाते. उदबत्ती, धूप, डासांची कॉइल यांच्या धुरानं दमा असलेल्या मांजराची धाप वाढते.

आता ऋता यांच्या प्रश्नाकडे. तुम्ही दोन वेगळे आवाज एकाच पोत्यात भरलेत असं मला वाटतं. कि-कि आणि म्युप् हे अधूनमधून येतात, श्वासाच्या तालाशी त्यांचा संबंध नाही, मिशा-पंजे सोबत हलतात, लहानपणापासून आहेत. त्याची चिंता सोडा. घर्रऽ मात्र नवीन आहे, आणि नवीन काहीही असलं की मी कान टवकारते. त्याबद्दल मला असं सांगा:

प्रत्येक श्वासाला येतो की मधूनच? श्वास आत घेताना की बाहेर सोडताना? जागा असतानाही येतो का, विशेषतः खाताना? कुस बदलली की थांबतो का? शिंका, सारखं गिळल्यासारखं करणं, आवंढे, म्यावचा सूर बदलणं, यातलं काही? आणि तो गाढ झोपला असताना छातीचं वरखाली होणं मोजा. वर-खाली मिळून एक. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करा. घुरघुर करत असताना मोजू नका, आणि पाय उडत असतील त्या वेळी तर नकोच, तेव्हा श्वास अनियमितच असतो.

गोकुळपेठ_काकू | रविवार, सायंकाळी ७.२०

राग कसला? पण मग आमची डझनभर मांजरं कशी जगली?

मनीची_माय | रविवार, सायंकाळी ७.२६

काकू, वाड्यात डझनभरच राहायची, पण दरवर्षी तीच असायची का?

गोकुळपेठ_काकू | रविवार, सायंकाळी ७.४५

हं. ते खरं. कापूर राहू दे.

झिरो_माईल | रविवार, रात्री ९.००

श्वास मोजायचं कुणी हसण्यावारी नेऊ नका म्हणून लिहितोय. आमच्या चिंगीला काही आवाज नव्हता, खोकला नव्हता, काहीच नाही. फक्त झोपेत पोट भराभर हलायचं. मी कौतुकानं म्हणायचो, बघा कशी धावतेय स्वप्नात. शेजारच्या मुलीनं मोजून दाखवलं, मिनिटाला पन्नासच्या वर. हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार निघाला, फुप्फुसात पाणी भरत होतं. औषधांवर बऱ्यापैकी जगली नंतर, आणि रोज रात्री मोजणं हे माझं काम होतं. डॉक्टरांनी सांगितलेलं, शांत झोपेत सतत तीसच्या वर जायला लागलं की फोन करायचा.

पशुवैद्य_बाई | रविवार, रात्री ९.२५

अगदी बरोबर. हा आजार दुर्मीळ नाही, मोठ्या मांजरांपैकी साधारण १५ टक्क्यांमध्ये आढळतो. बहुतेकांना कधी त्रास होत नाही, पण कुणाला होईल ते चेहऱ्यावरून कळत नाही. आवाज नसलेली घाईची झोप ही आवाज असलेल्या झोपेपेक्षा जास्त गंभीर असू शकते. आणि मांजर तोंड उघडून धापा टाकत असेल तर मोजत बसायचंच नाही. कुत्र्याला ते चालतं, मांजराला नाही. सरळ दवाखाना.

त्रिमूर्तीनगर_टाईम्स | रविवार, रात्री १०.१२

अवांतर: मे महिन्यात इथं पारा ४५ च्या वर गेला की आमचं मांजर कूलरसमोर पसरून तोंड उघडं टाकायचं. ते पण धोकादायक?

पशुवैद्य_बाई | रविवार, रात्री १०.३०

हो. उष्माघाताची सुरुवात समजा. सावली, अंगावर साधं पाणी (बर्फाचं नाही), आणि निघा. आणखी एक: कूलरच्या वाळ्याच्या किंवा लाकडी भुश्याच्या ताट्या वर्षभर धूळ खातात. मार्चमध्ये कूलर पहिल्यांदा सुरू केला की शिंका आणि घरघर घेऊन येणाऱ्या मांजरांची रांग लागते. ताट्या बदला, टाकी घासा.

इतवारीचा_भाऊ | रविवार, रात्री १०.३४

आमच्या घरी कूलर सुरू केला का मांजर नाही, बाबा शिंकतेत.

ऋता_खामला | सोमवार, सकाळी ६.५५

रात्रभर पहारा केला. 😀 उत्तरं देते.

घर्रऽ प्रत्येक श्वासाला येतो, आत घेताना. बाहेर सोडताना नाही. कूस बदलली तरी राहतो, मान ताणून झोपला की कमी होतो. जागा असताना तितका नाही, पण ताटलीत तोंड घातलं की ऐकू येतो, मध्येच थांबून श्वास घेतो. श्वास २४ आले, मग २६. सारखं गिळल्यासारखं करतो, हे तुम्ही विचारल्यावर लक्षात आलं. जीभ टाळ्याला लावून चप् चप्, मग मान खाली घालून गिळणं. शिंकांचं म्हणाल तर पोळ्याच्या आधी एक दुपार अशी गेली की लागोपाठ शिंकतच होता, पंज्यानं तोंड घासत होता. जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथं दारातूनच बघून "अ‍ॅलर्जी आहे, बोके घोरतातच" म्हणून गोळ्या दिल्या. चार दिवस बरा वाटला, पुन्हा तेच.

श्वानपंथी | सोमवार, सकाळी ९.३०

दारातून बघून? कुत्र्याला तरी टेबलावर घेतात. बाकी बोका घोरतो यात चूक काय, लठ्ठ असेल.

ऋता_खामला | सोमवार, सकाळी ९.४८

चार किलो. बरगड्या हाताला लागतात. लठ्ठ तुमचा शेरू असेल.

मनीची_माय | सोमवार, सकाळी १०.२०

त्या "पोटात दुखतंय" वरून आठवलं. सासूबाईंना पूर्ण चूक ठरवू नका. मांजर दुखत असतानाही घुरघुर करतं. आमची मनी दाताच्या दुखण्यात कोपऱ्यात बसून घुरघुरायची, आम्हाला वाटायचं खूश आहे. झोपेत दात खाल्ल्यासारखा कर्र आवाज यायचा, शेवटी दाढेला खड्डा पडलेला निघाला.

निवृत्त_मास्तर | सोमवार, सकाळी ११.००

घुरघुरीवरून अवांतर. एवढा लहान जीव इतका खोल सूर, सेकंदाला २५-३० कंपनं, कसा काढतो हे कोडंच होतं. जुनी समजूत अशी की मेंदू स्वरयंत्राच्या स्नायूंना सतत आखडा-सोडा असा हुकूम देतो, तेव्हा ती होते. २०२३ मध्ये व्हिएन्नाच्या संशोधकांनी आजारानं मेलेल्या मांजरांची स्वरयंत्रं घेऊन त्यांतून उष्ण, दमट हवा सोडली. मेंदू नाही, स्नायूंचं आखडणं नाही, तरी घुरघुर निघाली. स्वरतंतूंमध्ये ऊतींच्या गाद्या आहेत, त्यांच्या वजनानं सूर खाली उतरतो असं त्यांचं म्हणणं. जिवंत मांजर त्यावर स्नायू वापरत नाही असं मात्र यातून सिद्ध होत नाही.

तर्री_जास्त | सोमवार, सकाळी ११.०९

मास्तर, मेल्यावरही घुरघुर? आता मले रात्री झोप नाही येणार.

अंबाझरी_अभि | सोमवार, दुपारी १२.४०

झटका आणि स्वप्न यात फरक कसा करायचा? आमची पिल्लं झोपेत इतकी उडतात की बघवत नाही.

पशुवैद्य_बाई | सोमवार, दुपारी २.१५

अभि, पिल्लं उडणारच. नवजात पिल्लांची तर जवळजवळ सगळी झोप त्याच प्रकारची असते. झटक्यात अंग ताठ होतं, चारही पाय सायकल मारल्यासारखे जोरात चालतात, लाळ येते, लघवी सुटते, आणि नावानं हाक मारली तरी भानावर येत नाही. नंतर बराच वेळ भिंतीकडे बघत बावरून फिरतं. स्वप्नातलं मांजर हाक मारली की डोळे उघडून "काय आहे?" असं बघतं. शंका असेल तर मोबाईलवर व्हिडिओ काढा. दवाखान्यात आलं की एकही मांजर तो आवाज काढून दाखवत नाही, त्यामुळे व्हिडिओ म्हणजे आमचा निम्मा तपास.

ऋता, तुमचं उत्तर आत्ता वाचलं. श्वासाचा वेग ठीक, म्हणजे छाती-हृदय बहुधा नाही. आत घेताना येणारा, घोरल्यासारखा जाड आवाज नाकाच्या मागच्या भागातून येतो, मऊ टाळूच्या वरून. स्वरयंत्राचा असता तर शिट्टीसारखा बारीक आला असता, छातीचा असता तर बाहेर सोडताना सूं-सूं. तीन वर्षांच्या बोक्यात तिथं मांसाची गाठ वाढलेली असू शकते, जुन्या सर्दीच्या विषाणूचं उरलंसुरलं असू शकतं, किंवा...

झिरो_माईल | सोमवार, दुपारी २.२०

किंवा गवती चहा! मूळ धागा पुन्हा वाचा. शिंकांची एक दुपार, त्यानंतर हे सगळं.

पशुवैद्य_बाई | सोमवार, दुपारी २.३१

तेच लिहायला "किंवा" टाकून चहा घ्यायला उठले होते. झिरो_माईल, तुम्ही आमच्या कॉलेजात का नाही आलात?

गवती चहाच्या पात्याची कड हातानं उलटी ओढून बघा, बोट कापतं. बारीक दाते असतात, एकाच दिशेला वळलेले. मांजर गवत खातं, मग उलटीची उबळ येते, आणि एखादं पातं खाली जाण्याऐवजी टाळूच्या मागून वर नाकात सरकतं. दात्यांमुळे पुढे जातं, मागे येत नाही. पहिल्या दिवशी प्रचंड शिंका, मग शरीर जरा सोसतं, शिंका थांबतात, गिळणं आणि घोरणं राहतं. गोळ्यांनी सूज उतरते तेवढे दिवस बरं वाटतं. एक्सरेत पातं दिसत नाही. जागेपणी तोंड उघडूनही नाही, कारण ते टाळूच्या वर असतं. भूल देऊन, टाळू आकड्यानं पुढे ओढून, उजेड टाकून बघावं लागतं. तेच असेल असं मी इथं बसून म्हणत नाही, पण ते बघितल्याशिवाय सोडू नका. सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, किंवा मांजरांना भूल देण्याचा चांगला सराव असलेला कुणीही. उपाशीपोटी किती तास ठेवायचं ते फोनवर विचारून घ्या. आणि ती कुंडी उचला. त्यातली तेलं मांजराच्या पोटालाही सोसत नाहीत.

गोकुळपेठ_काकू | सोमवार, दुपारी ३.०५

गवती चहा माझ्याकडे द्या. मला सोसतो.

पुण्याहून_निनाद | सोमवार, दुपारी ४.००

मी सर्जनशील संशय घ्यायच्या बाजूचा आहे, पण ही तर्कसाखळी आवडली. दंडवत. वाचनखूण साठवली.

अजनीवाला | सोमवार, रात्री ११.५०

माझी आजी म्हणायची झोपेत मांजर रडलं की घरात वाईट बातमी येते. आमच्याकडे रेल्वेचे भोंगे रात्रभर, त्यात मांजर रडलं तरी कुणाला कळत नसे. त्यामुळे बातम्या चांगल्याच आल्या.

ऋता_खामला | गुरुवार, रात्री ९.१५

मंडळी, निघालं.

व्हिडिओ दाखवला, मोजलेले आकडे दाखवले, गवताचं सांगितलं. नवीन डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, छाती तपासली, रक्त बघितलं आणि आज सकाळी भूल दिली. मला आत येऊ दिलं नाही, पण नंतर बशीत ठेवून दाखवलं. माझ्या मधल्या बोटाएवढं लांब पातं, हिरवं राहिलेलंच नव्हतं, तपकिरी, एका टोकाला चिकट पिवळं काहीतरी आणि दुसऱ्या टोकाला अजून शेंडा शाबूत. नाकाच्या मागे ते दुमडून बसलं होतं. आत जखम आहे, पाच दिवसांचं अँटिबायोटिक, मऊ खाणं. संध्याकाळी झिंगत झिंगत घरी आला आणि पहिलं काम काय केलं असेल तर कुंडी होती त्या जागी जाऊन वास घेतला.

आता पलंगाखाली झोपलाय. श्वासाचा आवाज नाही. कि-कि-कि चालू आहे, त्यावर घरात आता एकमत आहे. सासूबाईंचं म्हणणं, "मी म्हटलंच होतं काहीतरी आहे", आणि नवऱ्याचं म्हणणं, "मीही म्हटलंच होतं, स्वप्न आहे". दोघं खूश.

झिरो_माईल | गुरुवार, रात्री ९.२२

वा! बशीचा फोटो टाका.

ऋता_खामला | गुरुवार, रात्री ९.२४

लोक जेवत असतील हो.

तर्री_जास्त | गुरुवार, रात्री ९.२५

जेवूनच राहिलो. टाका.

पशुवैद्य_बाई | गुरुवार, रात्री १०.०५

फार छान झालं. काही दिवस थोडं घोरला तर घाबरू नका, सूज असते. पंधरवड्यानंतरही राहिलं तर पुन्हा दाखवा, कधी कधी दोन पाती असतात. गवत खायची सवय जात नाही, तर त्याला धारदार कडेचं काही मिळू देऊ नका. कुंडीत गहू टाका आणि कोवळे, बोटभर असतानाच द्या.

मनीषनगर_मेघा | शुक्रवार, सकाळी ८.३०

हा धागा वाचून मीही रात्री मोजत बसले. आमची पर्शियन आहे, दोन वर्षांची. ती पहिल्या दिवसापासून घोरते, जोरात, आत घेताना आणि सोडतानाही. ज्यांच्याकडून घेतली ते म्हणाले या जातीत असतंच. मग ते नॉर्मल ना?

पशुवैद्य_बाई | शुक्रवार, दुपारी १.१०

"असतंच" आणि "ठीक आहे" यात फरक आहे. चेहरा चपटा केला की कवटी आखूड होते, आतलं मांस तेवढंच राहतं. नाकपुड्या फटीसारख्या, टाळू लांब, म्हणून आवाज. पहिल्यापासून आहे, वाढत नाही, खेळल्यावर धाप लागत नाही, जेवताना थांबत नाही, तर लक्ष ठेवून चालेल. वजन वाढू देऊ नका, एवढी एक गोष्ट तुमच्या हातात आहे. नाकपुड्या श्वास घेताना आत ओढल्या जाऊन बंद होत असतील तर शस्त्रक्रियेनं रुंद करता येतात.

त्रिमूर्तीनगर_टाईम्स | शुक्रवार, दुपारी १.४०

कडू बोलतो, पण नागपूरच्या उन्हाळ्यात पर्शियन आणायची हौस मला कळतच नाही. देशी पिल्लं रस्त्यावर ढीगभर आहेत.

मनीषनगर_मेघा | शुक्रवार, दुपारी २.०५

हौस नव्हती. बदली झालेल्या लोकांनी सोडून दिली होती म्हणून त्यांच्या घरमालकाकडून घेतली. उन्हाळ्यात तिच्या खोलीत एसी असतो आणि आम्ही बाहेर कूलरमध्ये.

त्रिमूर्तीनगर_टाईम्स | शुक्रवार, दुपारी २.११

शब्द मागे घेतो, ताई.

पशुवैद्य_बाई | शुक्रवार, दुपारी ३.००

मेघा, जमलं तर नाकपुड्यांचा समोरून फोटो टाका, आणि झोपेतला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ, आवाज बंद न करता.

मनीषनगर_मेघा | शुक्रवार, दुपारी ३.०८

व्हिडिओ आत्ता टाकते, ती झोपलेलीच असते. नाकपुड्यांच्या फोटोला दोन माणसं लागतात, एकानं टॉवेलमध्ये धरायचं आणि एकानं काढायचा. नवरा ऑफिसातून आला की.